आकाशाच्या कडेवरून डोकावणारा माणूस

खानदेशात रब्बीच्या दिवसांत रात्री शेतावर जाण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला आकाशाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. गव्हाला पाणी द्यायचे असते आणि वीज रात्रीची असते. एक वाफा भरेपर्यंत बांधावर बसून राहण्यावाचून दुसरे काम नसते. कडाक्याची थंडी, अंगावर घोंगडी आणि वर चांदण्यांनी गच्च भरलेले आभाळ! अशा वेळी लहान मुलाच्या मनात एकच प्रश्न येतो. तिथे कोण राहत असेल? माझ्या आजीचे उत्तर ठरलेले असे. पुण्यवान माणसे मेल्यावर चांदण्या होतात, एवढे सांगून ती मोकळी होई. पुढे शाळेत ताऱ्यांची अंतरे पाठ केली, ग्रहांची नावे पाठ केली. पण तिथे कोण राहत असेल हा प्रश्न काही परीक्षेत आला नाही, म्हणून तो मागे पडला.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकात मला एक चित्र दिसले आणि तो प्रश्न पुन्हा वर आला. चित्र काळ्या रेघांचे आहे. हातात काठी घेतलेला एक यात्रेकरू पृथ्वीच्या टोकाशी पोहोचला आहे. तिथे आकाश एखाद्या घुमटासारखे जमिनीला टेकले आहे. त्या घुमटातून डोके आणि एक हात बाहेर काढून तो पलीकडे पाहतो आहे. पलीकडे ढगांचे थर, ज्वाळा, तेजोगोल आणि विचित्र चाके आहेत. मागे या बाजूला आपले नेहमीचे जग आहे: झाडे, टेकड्या, गावातले मनोरे, सूर्य, चंद्र आणि तारे.

हे चित्र अनेक पुस्तकांत मध्ययुगातील म्हणून छापले गेले आहे. वस्तुतः ते १८८८ साली पॅरिस येथे निघालेल्या 'वातावरण' या फ्रेंच ग्रंथात प्रथम दिसते. चित्राखाली चित्रकाराची सही नाही. परंतु ग्रंथाचा लेखक बालपणी कोरीवकाम शिकलेला होता, त्यामुळे ही कल्पना त्याचीच असावी असे अनेक अभ्यासकांना वाटते. त्या लेखकाचे नाव कामीय फ्लामारियाँ. दूरच्या जगांवर जीव असतील काय, असतील तर कसे असतील, हा प्रश्न त्यांनी जन्मभर विचारला आणि तो शब्दांनी व चित्रांनी लाखो लोकांसमोर मांडला. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करीत आहे.

फ्लामारियाँ यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८४२ रोजी पूर्व फ्रान्समधील माँतिन्यी-ल-र्वा या लहानशा गावी झाला. आईवडिलांचे छोटेसे दुकान होते. चार भावंडांत कामीय थोरले. घरात विद्येची मोठी परंपरा नव्हती. पण आईजवळ कुतूहल होते. १८४७ च्या ऑक्टोबरात सूर्यग्रहण लागले, तेव्हा मुलांचे डोळे बिघडू नयेत म्हणून तिने बादलीत पाणी भरून ठेवले आणि त्या पाण्यातले सूर्याचे प्रतिबिंब मुलांना दाखविले. त्या वेळी कामीय साडेपाच वर्षांचे होते. आपल्याकडेही आयाबाया ग्रहण परातीतल्या पाण्यात पाहतात. फ्रान्समधल्या खेड्यातली बादली आणि आपली परात यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. १८५१ मध्ये पुन्हा ग्रहण आले आणि आकाशाचा छंद या मुलाला कायमचा लागला.

मुलाने धर्मगुरू व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती, म्हणून त्याला लांग्र या गावी धर्मशिक्षणाच्या शाळेत घातले. पण घरची परिस्थिती एकाएकी खालावली. दुकान गेले, आईवडील पोटापाण्यासाठी पॅरिसला आले, आणि १८५६ मध्ये कामीयही शाळा सोडून त्यांच्यामागे गेले. वय वर्षे चौदा. एका कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे त्यांना उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. दिवसभर धातूवर नक्षी कोरायची आणि रात्री कामगारांसाठी चालणाऱ्या मोफत वर्गांना जायचे, असा क्रम सुरू झाला. गणित, इंग्रजी, चित्रकला, जे मिळेल ते त्यांनी शिकून घेतले. एवढ्यावर न थांबता विश्वाच्या उत्पत्तीवर त्यांनी सुमारे पाचशे पानांचे हस्तलिखित लिहून काढले!

अपुरी झोप आणि अति कष्ट यांचा परिणाम व्हायचा तो झालाच. मुलगा आजारी पडला. तपासायला आलेल्या डॉक्टरांची नजर त्या हस्तलिखितावर गेली. त्यांनी ते चाळले आणि हा मुलगा कोरीवकामात घालविण्यासारखा नाही हे ओळखले. त्यांच्या शिफारशीवरून १८५८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, फ्लामारियाँ यांना पॅरिसच्या वेधशाळेत गणिताचा हिशेब करणारा उमेदवार म्हणून जागा मिळाली. घरी ते डॉक्टर आले नसते तर? असा प्रश्न वाचताना मनात येतो. आपल्या भागातही अशी किती हस्तलिखिते, किती वह्या कोणाच्या नजरेस न पडताच रद्दीत गेल्या असतील!

वेधशाळेचे संचालक होते ल व्हेरिए. नेपच्यून हा ग्रह दुर्बिणीत दिसण्यापूर्वी केवळ गणिताने त्याची जागा सांगणारे हे थोर शास्त्रज्ञ. १८४६ साली त्यांच्या सांगण्याप्रमाणे दुर्बीण वळविली आणि ग्रह सापडला. परंतु ल व्हेरिए यांच्या वेधशाळेत आकाश म्हणजे आकड्यांचे रकाने होते. तरुण फ्लामारियाँ दिवसभर ते रकाने भरीत आणि मनात विचार करीत की, या ग्रहांच्या जागा आपण इतक्या बारकाईने काढतो, पण तिथली जमीन कशी असेल, तिथली सकाळ कशी असेल, तिथे कोणी ही सकाळ पाहत असेल का, याचा विचार कोणीच का करीत नाही?

१८६२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी याच प्रश्नावर एक लहान पुस्तक लिहिले. विश्वात वस्ती असलेली जगे अनेक आहेत असे त्या पुस्तकाचे म्हणणे. पृथ्वी हा अनेक ग्रहांतील एक ग्रह आहे, तिला कोणताही खास मान दिलेला नाही. मग जीवन तेवढे तिच्याच वाट्याला आले असे का मानावे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पुस्तक लोकांना फार आवडले. वरिष्ठांना ते आवडले नाही, आणि फ्लामारियाँ यांना वेधशाळेतील जागा सोडावी लागली. त्यांनी दुसऱ्या सरकारी खात्यात हिशेबाचे काम धरले आणि लिहिणे चालू ठेवले. दोनच वर्षांत ते छोटे पुस्तक वाढवून त्यांनी जाडजूड ग्रंथ केला, आणि त्याच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघू लागल्या. पुढे त्याच पॅरिसच्या वेधशाळेत त्यांनी जोडताऱ्यांचे वेध घेतले व १८७८ साली त्यांची सूची प्रसिद्ध केली. ज्या दारातून बाहेर पडावे लागले त्याच दारातून काम घेऊन ते परत आत गेले.

आता त्यांच्या कल्पनेविषयी थोडे सांगितले पाहिजे. फ्लामारियाँ यांच्या आधीही अनेकांनी परग्रहांवर माणसे वसविली होती. त्या सर्व कल्पनांचा आढावा घेणारे एक पुस्तकच फ्लामारियाँ यांनी लिहिले. त्यातून त्यांना एक गोष्ट दिसली. जुने लेखक चंद्रावर जातात खरे, पण तिथे त्यांना भेटतात ती माणसे पृथ्वीवरचीच. फार तर उंच, फार तर बुटकी, फार तर पंख लावलेली. फ्लामारियाँ यांनी मांडलेला विचार वेगळा होता. जीव हा आपल्या घराचे अपत्य असतो. माशाचे अंग पाण्याने घडविले, पक्ष्याचे अंग हवेने घडविले. तसेच जिथे गुरुत्वाकर्षण कमी, हवा दाट, सूर्य लांब, तिथले जीव त्या परिस्थितीने घडविलेले असणार. त्यांना आपल्यासारखे हातपाय असतीलच असे नाही.

१८७२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ल्यूमेन' या कथेत त्यांनी हा विचार मोकळा सोडला. हवेतूनच पोषण मिळत असल्यामुळे ज्यांना खाण्याची गरज नाही असे जीव, हालचाल व विचार करणाऱ्या वनस्पती, असे नाना प्रकार त्यात आहेत. त्याच कथेत प्रकाशाची एक गंमत आहे. प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो. म्हणून दूरच्या ताऱ्यावर उभे राहून पृथ्वीकडे पाहणाऱ्याला आजची पृथ्वी दिसणार नाही, कित्येक वर्षांपूर्वीची दिसेल. कितीतरी जुन्या लढाया त्याला आत्ता चालू असलेल्या दिसतील. आज ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. दीडशे वर्षांपूर्वी ती कथेतून वाचताना लोक चकित झाले असतील यात नवल नाही.

१८७७ मध्ये त्यांचा ग्रहांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्याच्या नावाचा अर्थ आकाशातील पृथ्व्या असा होतो. १८८४ च्या सुमारास त्याची सचित्र आवृत्ती आली. आपण पृथ्वीवरून ग्रहांकडे पाहतो, तसे त्या ग्रहांवर उभे राहून आकाशाकडे पाहिले तर काय दिसेल, हा त्या ग्रंथाचा ध्यास. एका साध्या शिळेवर बसून दुसऱ्या जगाचा सूर्योदय पाहण्याची कल्पना वाचकाला त्यातून मिळाली. कोरीवकाम शिकलेल्या हाताला चित्राची किंमत ठाऊक होती. पानभर आकडे वाचून जे मनात उभे राहत नाही, ते एका चित्राने उभे राहते हे त्यांनी ओळखले. पुढे ज्याला अंतराळचित्रकला म्हणू लागले, तिचे बीज येथे आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

१८८० साली 'लोकप्रिय खगोलशास्त्र' हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे प्रकाशक होते त्यांचे धाकटे बंधू अर्नेस्त. या ग्रंथाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. नेपच्यूनच्या मोठ्या उपग्रहाला ट्रायटन हे नाव सुचविले गेले ते याच ग्रंथात. इंग्रजी भाषांतर १८९४ साली जॉन एलार्ड गोर यांनी केले. हे गोर पूर्वी पंजाबात कालव्याच्या कामावर अभियंता होते आणि तिथल्या स्वच्छ आकाशातच त्यांनी ताऱ्यांचे वेध घेतले होते, ही गोष्ट भारतीय वाचकाला आवडण्यासारखी आहे.

ग्रंथ वाचून भारावलेल्या बोर्दो येथील एका धनिकाने १८८२ साली पॅरिसच्या दक्षिणेकडील ज्युव्हिसी गावातला आपला वाडा फ्लामारियाँ यांना देऊन टाकला. त्या वाड्यावर त्यांनी घुमट चढविला, चोवीस सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण बसविली आणि स्वतःची वेधशाळा उभी केली. त्याच वर्षी त्यांनी खगोलशास्त्राचे मासिक सुरू केले आणि १८८७ साली फ्रान्सची खगोल संस्था स्थापन केली. पदवी असलेला आणि नसलेला, स्त्री आणि पुरुष, शास्त्रज्ञ आणि हौशी, सर्वांना या संस्थेचे दार खुले होते. मला तर वाटते की, त्यांच्या सर्व ग्रंथांहून हे काम मोठे आहे.

या संस्थेचा आणि मराठी माणसाचा संबंध आला, हे मला अलीकडेच समजले. व्यंकटेश बापूजी केतकर हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील एक शिक्षक. जन्म १८५४ साली नरगुंद येथे, मृत्यू १९३० साली. 'ज्योतिर्गणितम्' आणि 'केतकी ग्रहगणितम्' यांचे कर्ते म्हणून ते पंचांगकर्त्यांना परिचित आहेत. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असे केतकरांनी गणिताने मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. हा त्यांचा लेख १९११ साली छापला गेला तो फ्लामारियाँ यांच्याच संस्थेच्या नियतकालिकात. ब्रह्मा या ग्रहाला सूर्याभोवती फिरण्यास सुमारे २४२ वर्षे लागतील असे त्यांचे गणित होते. १९३० मध्ये प्लूटो सापडला, त्याची प्रदक्षिणा सुमारे २४८ वर्षांची निघाली. हा मेळ योगायोगाचा असू शकेल. प्लूटोला २००६ पासून बटुग्रह म्हणतात, आणि विष्णू तर सापडलाच नाही. पण एका शाळामास्तराने पाठविलेला कागद पॅरिसमध्ये मान देऊन छापला जातो, याला मी फार महत्त्व देतो.

आपल्या धुळ्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. फ्लामारियाँ ज्युव्हिसीच्या घुमटाखाली मंगळ पाहत होते, त्याच काळात, १८९० च्या आसपास, धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शिक्षक होते. जन्म १८५३ साली कोकणातील मुरूड येथे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच. पण भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास त्यांनी लिहून १८९६ साली प्रसिद्ध केला, त्याची दखल युरोपातील पंडितांनी घेतली. त्यांनीच 'ज्योतिर्विलास' हे मराठी पुस्तक लिहिले. 'रात्रीची दोन घटका मौज' असे त्याचे दुसरे नाव आहे. पंडितांसाठी इतिहास आणि साध्या वाचकासाठी दोन घटका मौज, असे दोन्ही हातांनी त्यांनी दिले. पंचेचाळिशी पुरी होण्यापूर्वीच, १८९८ मध्ये, ते वारले. १८९२ च्या पावसाळ्यात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. पांझरेच्या काठी ढगांना जेव्हा जेव्हा फट पडली असेल, तेव्हा तोच लाल ग्रह धुळ्यावरही चमकला असेल. दोघांची भेट कधी झाली नाही, पण आकाश एकच होते.

या मंगळानेच फ्लामारियाँ यांची खरी परीक्षा घेतली. १८७७ साली इटलीतील स्किआपारेल्ली यांना मंगळावर सरळ रेघा दिसल्या. त्यांनी वापरलेल्या इटालियन शब्दाचा अर्थ नैसर्गिक ओहोळ असाही होतो. पण जगाने त्याचा अर्थ कालवे असा घेतला. कालवे म्हटले की ते खणणारे आले! १८९२ साली फ्लामारियाँ यांनी मंगळावर सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला. त्या ग्रहाचे तोवर झालेले जवळजवळ सारे वेध आणि नकाशे त्यांनी त्यात एकत्र केले. मंगळावर जीवन असणे शक्य आहे, कदाचित ते आपल्याहूनही प्रगत असेल, असे त्यांचे मत झाले. मंगळाचा तांबडा रंग तिथल्या तांबड्या वनस्पतींमुळे असावा असेही त्यांनी सुचविले. तो ग्रंथ वाचून अमेरिकेतील धनाढ्य लोवेल यांना इतका छंद लागला की, १८९४ साली त्यांनी ॲरिझोनात खास मंगळासाठी वेधशाळा बांधली आणि शेकडो कालव्यांचे नकाशे काढले.

पण कालवे नव्हतेच. गंमत अशी की, हे दाखवून देणारा माणूस फ्लामारियाँ यांच्याच वेधशाळेत तयार झालेला होता. आंतोनिआदी हे कॉन्स्टँटिनोपलला जन्मलेले ग्रीक गृहस्थ १८९३ पासून सुमारे नऊ वर्षे ज्युव्हिसीला वेध घेत होते. आरंभी त्यांनीही कालवे काढले होते. १९०९ साली म्यूदाँच्या त्र्याऐंशी सेंटिमीटरच्या मोठ्या दुर्बिणीतून त्यांनी मंगळ पाहिला, तेव्हा त्या सरळ रेघांच्या जागी वेडेवाकडे ठिपके आणि डाग दिसले. लहान दुर्बिणीत डोळा ते ठिपके आपणहून जोडीत होता. पुढे जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने पाठविलेल्या चित्रांत खळगेच खळगे दिसले. कालवे नाहीत, तांबडी झाडे नाहीत. रंग होता तो गंजलेल्या लोहाचा. आपले मंगळयानही २४ सप्टेंबर २०१४ रोजी त्या ग्रहाभोवती फिरू लागले. त्याने पाठविलेली तांबूस गोलाची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

चरित्र लिहिताना नायकाचे दोष झाकू नयेत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. फ्लामारियाँ यांना मृतात्म्यांशी बोलण्याच्या प्रकाराचा मोठा नाद होता. तरुणपणी ते अशा बैठकांना बसत आणि गॅलिलिओच्या आत्म्याकडून आल्याचे मजकूर लिहीत. पुढे त्यांनीच मान्य केले की, त्या मजकुरात त्यांना स्वतःला आधीच माहीत असलेल्याहून अधिक काही नव्हते. तरीही हा विषय त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा त्याच्या शेपटीतील विषारी वायूने पृथ्वीवरील जीवन संपेल असे भाकीत त्यांच्या नावावर वृत्तपत्रांत छापून आले आणि लोकांत घबराट पसरली. त्यांनी त्याचा इन्कार केला, पण कल्पना रंगवून सांगणाऱ्या माणसाच्या तोंडी लोक काहीही घालतात, हा धडा त्यातून मिळतो.

मग या माणसाची कल्पना वाया गेली का? मला तसे वाटत नाही. कालव्यांची कल्पना खोटी ठरली, परंतु ती खोटी ठरविण्यासाठी लागणारा डोळा त्यांच्याच घुमटाखाली तयार झाला. त्यांच्या खगोल संस्थेत तरुणपणीच दाखल झालेले ल्यूसियाँ रूदो हे चित्रकार व वेधकार पुढे परग्रहांच्या देखाव्यांचे चित्रकार म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांचे 'इतर जगांवर' हे चित्रमय पुस्तक १९३७ चे. त्या काळी चंद्रावरचे डोंगर सुळक्यांसारखे उभे आणि टोकदार काढण्याची रीत होती. रूदोंनी दुर्बिणीतून चंद्राची कडा निरखून पाहिली आणि डोंगर गोलसर, झिजलेले काढले. अपोलोचे प्रवासी चंद्रावर उतरले तेव्हा डोंगर तसेच निघाले! अमेरिकेतील चेस्ली बोनस्टेल यांनी १९४४ साली शनीच्या उपग्रहांवरून दिसणाऱ्या शनीची जी चित्रे काढली, ती पाहून अनेक तरुण अंतराळविज्ञानाकडे वळले असे सांगतात. कल्पना करायची, मग निरखून पाहायचे, आणि जे दिसेल त्याप्रमाणे कल्पना दुरुस्त करायची, अशी ही परंपरा आहे.

आज परिस्थिती काय आहे? १९९५ साली सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह सापडला. ते वेध दक्षिण फ्रान्समधील वेधशाळेतच घेतलेले होते. २०२५ पर्यंत अशा ग्रहांची संख्या सहा हजारांच्या वर गेली आहे. त्यांपैकी एकाचीही जमीन कोणी पाहिलेली नाही. ताऱ्याचा प्रकाश किंचित मंद होतो किंवा तारा किंचित डोलतो, त्यावरून ग्रह आहे असे समजते. वर्तमानपत्रात त्याचे निळे समुद्र आणि जांभळे आकाश असलेले चित्र छापून येते, ते कोणातरी चित्रकाराने काढलेले असते. खाली बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. ती बारीक अक्षरे वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. चित्र पाहावे, आनंद घ्यावा, पण हे माणसाने कल्पिलेले आहे आणि उद्या बदलेल, हे विसरू नये. जीवन मात्र अद्याप पृथ्वीखेरीज कुठेही सापडलेले नाही.

फ्लामारियाँ यांचे ३ जून १९२५ रोजी ज्युव्हिसी येथे निधन झाले. वय ८३ वर्षांचे होते. त्यांना त्याच वेधशाळेच्या बागेत पुरण्यात आले. त्यांच्या पहिल्या पत्नी सिल्व्ही, ज्यांच्यासह १८७४ साली लग्नानंतरचा प्रवास त्यांनी चक्क बलूनमधून केला होता, १९१९ मध्ये वारल्या होत्या. दुसऱ्या पत्नी गाब्रिएल या स्वतः वेधकार होत्या. पतीच्या पश्चात त्यांनी वेधशाळेचे व नियतकालिकाचे काम १९६२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सांभाळले. चंद्रावरील एका विवराला आणि मंगळावरील एका विवराला फ्लामारियाँ यांचे नाव दिलेले आहे. ज्या मंगळाने त्यांना चकविले, त्यानेच त्यांचे नाव आपल्या अंगावर धारण केले!

मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच. ग्रह-ताऱ्यांवर लिहिण्याचा तुला काय अधिकार, असे कोणी मला विचारले तर माझ्याजवळ पदवीचे उत्तर नाही. पण चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या उमेदवाराजवळही ते नव्हते, धुळ्याच्या मॅट्रिक झालेल्या मास्तरांजवळही नव्हते. दिवसाचे काम करून रात्रीची दोन घटका त्यांनी आकाशाला दिली. चुकले तिथे चुकले, पण प्रश्न विचारायला ते लाजले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा गव्हाला पाणी द्यायला गेलो होतो. आजी आता शेतावर येत नाही. वाफा भरेपर्यंत वर पाहत बसलो. पहाटे घरी आल्यावर आजीला सांगितले की, चांदण्यांभोवती आपल्या पृथ्वीसारखे गोल फिरतात, ते हजारोंनी सापडले आहेत. तिने थोडा वेळ विचार केला आणि तिथे पाणी आहे का, एवढेच विचारले. शास्त्रज्ञ आज नेमके तेच शोधीत आहेत. आजीला फ्लामारियाँ ठाऊक नाहीत, पण तिचा प्रश्न त्यांना आवडला असता असे मला राहून राहून वाटते. त्या थोर जिज्ञासूला माझे नम्र अभिवादन!